नगरसेवकाचा स्वर्गीय बाप

बालीगंज, कोलकाता
२८ नोव्हेंबर २०२१

प्रिय विनू,

तुझे कान गेल्यापासून फोन म्हणजे शिक्षाच झाली आहे. मी इथून ओरडतो, तुला सांगलीत ऐकू येत नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या बॅनर्जीबाईंना मराठी येत नसूनही आपल्या घरातलं सगळं कळतं. म्हणून पत्र लिहितो आहे. बातमी अशी की तुझा भाचा महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला आहे. हसू नकोस. मी हसलो होतो, तर तुझी वहिनी श्यामला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

उमेदवाराची पात्रता विचारशील, तर सांगतो. चिरंजीव सलील, वय छत्तीस, इंजिनियर. चार वर्षं कंपनीत नोकरी केली, मग ती गुलामी वाटायला लागली. तेव्हापासून समाजसेवा चालू आहे. समाजसेवा म्हणजे पूजा कमिटीची वर्गणी, मांडवाचं उद्घाटन आणि रक्तदान शिबिरात पुढाऱ्यांच्या शेजारी उभं राहणं. रक्त मात्र अजून एकदाही दिलेलं नाही. लहानपणी सुई बघून बेशुद्ध पडायचा, तो अजून सुईच्या खोलीत जात नाही. सहा वर्षं पक्षाच्या ऑफिसात खुर्च्या मांडल्या, त्याचं हे फळ.

आमच्या भागात त्याला सगळे ओळखतात. त्यामुळे इथं उभं करण्याचा धोका पक्षानं पत्करला नाही. रेल्वेलाइनीपलीकडचा वॉर्ड दिला आहे, आता राहायलाही तो तिकडेच गेला आहे. तिथं पाऊस पडला की गुडघाभर पाणी साचतं, लोक स्कूटर जिन्यात नेऊन ठेवतात, आणि नळाला येतं ते पाणी बघून चहाच करावासा वाटतो, पावडर न घालता. अशा वॉर्डासाठी याचे तीन संकल्प आहेत. नाक्यावर दिव्यांची कमान, तळ्यात फायबरचे हंस आणि एक सेल्फी पॉइंट. मी विचारलं, अरे, त्या गटारांचं काय? तर म्हणाला, "बाबा, गटार तर जमिनीखाली असतं. कोणाला दिसणार? हंस दिसतो."

पोस्टरवरून आडनाव काढून टाकलं आहे. सोवनी म्हटलं की लोक विचारतात मारवाडी का गुजराती. आता नुसता 'सलीलदा'. प्रचाराला आईला नेतो. मला सांगितलं, "तुम्ही येऊ नका, बाबा. तुम्ही बँक मॅनेजर दिसता." आता तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आणखी कसा दिसणार?

तुझा,
दादा


सांगली
५ डिसेंबर २०२१

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, देवानं तुला जिभेऐवजी चिमटा दिला असता तरी चाललं असतं. पोरगं निवडणुकीला उभं आहे, परक्या गावात, परक्या भाषेत, आणि तू बापासारखा बाप, त्याच्या हंसांना हसतोस! नानांनी बापाच्या नात्यानं तुला कलकत्त्याची बदली घेऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तू कोणाचं ऐकलं होतंस? पोरगं तुझ्यावरच गेलं आहे.

मी पेढे वाटले. शेजारचा अमेय इथल्या एका पेपरात काम करतो, तो म्हणाला, आत्या, मोठी बातमी आहे, 'बंगालच्या राजकारणात सांगलीचं रक्त' असा मथळा देतो. मी सलीलला मेसेज करून माहिती मागवली. त्यानं लगेच सभेचा व्हिडिओ पाठवला. ऐकू तर काही आलं नाही, पण डोळे शाबूत आहेत. स्टेजवर वहिनी उभी होती, अबोली काठाची पांढरी साडी, गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला बारीक टिकली. मास्क हनुवटीवर. निवेदक काहीतरी बोलला आणि पुढच्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या! सलीलनं वाकून आईच्या पायाला हात लावला. मला इथं भरून आलं. काय बोलला असेल रे तो? नानांच्या चळवळीतल्या तुरुंगवासाची गोष्ट सांगितली असेल का? का तुझ्या बँकेतल्या सचोटीची?

व्हिडिओ मी अमेयला दिला आहे. तो कोणाकडून तरी भाषांतर करून घेणार आहे. आणि तू एकदा सभेला जा. पोराला बरं वाटेल.

विनू


बालीगंज
१० डिसेंबर २०२१

विनू,

तुझं ऐकून गेलो. माकडटोपी घातली, मास्क लावला, आणि मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. तुझा प्रश्न होता की बायका का रडल्या. उत्तर मिळालं. मी वारलो म्हणून रडल्या.

चेष्टा करत नाही. तुझ्या भाच्यानं माईक हातात घेऊन सुरेख बंगालीत सांगितलं की मी नऊ वर्षांचा असताना बाबा गेले, आणि या माझ्या आईनं लोकांचे कपडे शिवून मला इंजिनियर केलं. श्यामलानं शिवून! तिला बटण लावता येत नाही. माझी बटणं आजही एस्प्लनेडचा शिंपी लावतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, त्यांनी आपल्या हातानं मला मातीच्या भांड्यातला चहा आणून दिला आणि म्हणाले, बिचाऱ्याचा बाप कॅन्सरनं गेला. पलीकडचा म्हणाला, नाही, ट्रकखाली. मी कशानं मेलो याबद्दल वॉर्डात दोन मतं आहेत. सगळे डोळे पुसत होते. मी एकटाच कोरडा उभा राहिलो असतो तर बरं दिसलं नसतं, म्हणून मीही मास्कवरून रुमाल फिरवला.

आणि स्टेजवर श्यामला उभी होती. बोलली नाही. हललीसुद्धा नाही.

हे सुरू कसं झालं ते आता ऐक. इथं लग्न झालेल्या बाईच्या भांगात शेंदूर हवा आणि हातात शंखाच्या बांगड्या. त्याशिवाय ती सवाष्ण नाही. मंगळसूत्र इथं कोणाला कळत नाही, ते काळे मणी म्हणजे यांच्या लेखी हौसेची माळ. पहिल्या सभेत निवेदक अनिलदानं श्यामलाकडे पाहिलं, भांग रिकामा, हात रिकामे, साडी पांढरी. त्यानं परस्पर जाहीर केलं की या दुःखी विधवा मातेचा मुलगा तुमच्यापुढे उभा आहे. पस्तीस वर्षं या गावात राहून आपल्याला हे सुचलं नाही, कारण आपलं मंगळसूत्र सगळ्या जगाला वाचता येतं असा आपला समज!

ही झाली चूक. चूक कोणाचीही होते. पण सलील शेजारीच उभा होता, आणि त्यानं ती दुरुस्त केली नाही. मी फोनवर विचारलं. म्हणाला, "बाबा, पहिल्यांदा मी नाही बोललो. अनिलदा बोलला. लोक रडत होते, मग मी कसं थांबवणार? आणि आता सांगितलं तर लोकांना वाटेल आम्ही खोटं बोललो." हे वाक्य मी लिहून ठेवावं असं आहे. खरं सांगितलं तर खोटं वाटेल, म्हणून खोटंच चालू दे. नगरसेवक व्हायला पोरगं अगदी लायक आहे.

श्यामलाला विचारलं. ती म्हणाली, "माईक माझ्या हातात नव्हता." मग आत जाऊन तिनं माझं पान वाढलं. वरणावर तूप नेहमीपेक्षा जास्त होतं. विनू, मला त्या माईकचं काही वाटत नाही. चाळीस वर्षं जिच्याबरोबर जेवलो ती बाई मी मेल्याचं ऐकत मख्खपणे उभी राहिली, ते मला गिळवत नाही.

दादा


सांगली
१६ डिसेंबर २०२१

दादा,

आधी माझं ऐकून घे, मग ओरड. अमेयनं त्या व्हिडिओचं भाषांतर करून घेतलं आणि तुझं पत्र माझ्या हातात पडायच्या आदल्या दिवशी पेपरात बातमी आली: 'कै. दिगंबर सोवनी यांचे चिरंजीव कोलकात्याच्या रिंगणात.' सकाळी दार उघडलं तर जोशीकाकू पिठलं-भाताचं पातेलं घेऊन उभ्या. मी म्हटलं, कोण गेलं? तर त्या मलाच मिठी मारून रडायला लागल्या. दुपारपर्यंत अकरा जण येऊन गेले. सगळ्यांचं एकच: "कळवलं नाहीत हो!" मी दहा वेळा सांगितलं की दादा जिवंत आहे, पण ऐकू न येणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? त्यांना वाटलं मला धक्का बसला आहे. शेवटी पिठलं खाल्लं. बरं होतं.

आपल्यात म्हणतात की मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. तू आता शंभरी गाठणार. एवढंच काय ते चांगलं.

सलीलला मी पाळण्यात जोजवलं आहे, म्हणून मला त्याचा राग येण्याऐवजी लाज वाटते आहे. पण वहिनीला माझा थेट निरोप सांग. वटसावित्रीला वडाला सूत गुंडाळायचं आणि स्टेजवर उभं राहून नवरा मारायचा, ही कुठली तऱ्हा? एकदा तिथला शेंदूर भांगात भरून, शंखाच्या बांगड्या चढवून जाऊन उभी राहा म्हणावं. एका शब्दानं बोलायला नको.

पेपराला खुलासा पाठवला आहे. अमेय म्हणतो, संपादक विचारतात, पुरावा काय.

विनू


बालीगंज
२४ डिसेंबर २०२१

विनू,

मतदारांनी माझ्या तेराव्याचं जेवण मनापासून जेवलेलं दिसतंय. तुझा भाचा निवडून आला. थोडक्यात आला, पण आला. उघड्या जीपमध्ये गुलालानं हिरवा-गुलाबी होऊन फिरताना टीव्हीवर दिसला. पत्रकारानं विचारलं, पहिलं काम कोणतं? म्हणाला, हंस. निदान दिलेला शब्द पाळतो.

आई जीपमध्ये नव्हती. तुझा निरोप मी श्यामलाला वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून टिकली बंद करून कुंकू लावते आहे, चांगलं रुपयाएवढं. सलीलची गाडी न्यायला आली तेव्हा ड्रायव्हरला म्हणाली, "साहेबांना सांग, आई घरात काम करते आहे." तो तिकडून फोन करतो, ती उचलत नाही. मी उचलला तर ठेवून देतो. मेलेल्या माणसाशी काय बोलणार म्हणा.

दादा


बालीगंज
२० मार्च २०२२

प्रिय वन्संना,
श्यामलाचा नमस्कार.

चाळीस वर्षांत मी तुम्हाला स्वतंत्र पत्र लिहिलं नाही. यांच्या पत्राखाली दोन ओळी लिहायचे. आज हे बाहेर गेले आहेत म्हणून लिहिते. तुमचा निरोप मला लागला. लागायलाच हवा होता.

मी गप्प का राहिले ते सांगते. त्या निवेदकानं मला विधवा म्हटलं तेव्हा मला वाटलं, सलील आता हसून म्हणेल, छे छे, बाबा घरी आहेत. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खाली पाहिलं. मग वाटलं, भर सभेत पोराला खोटं कसं पाडू? घरी गेल्यावर बोलू. घरी बोलले तर म्हणाला, आई, एवढी निवडणूक होऊ दे. आपण बायका हेच करतो, वन्सं. मुलगा पडू नये म्हणून खाली वाकतो, आणि वाकलो की तो पाठीवर चढतो. दुसऱ्या सभेला हे मागच्या रांगेत होते, ते मला ठाऊक नव्हतं. माकडटोपी होती. नंतर यांनी विचारलं तेव्हा कळलं. पण हे रागावून एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता नवीन ऐका. नाक्यावरच्या तिकोनी जागेत बाग केली आहे. बाग म्हणजे चार कुंड्या, दोन हंस आणि फोटो काढायला एक लाल हृदय. आणि एक संगमरवरी पाटी: 'स्वर्गीय दिगंबर स्मृती उद्यान.' वर यांचा बँकेच्या ओळखपत्रावरचा फोटो, काळ्या केसांचा. येत्या रविवारी अनावरण आहे. निवडणूक झाली की थांबवतो म्हणाला होता. आता दगडात कोरून ठेवलं.

मी दोन शब्द बोलावं असं त्याच्या माणसानं येऊन सांगितलं. मी हो म्हटलं आहे. यांनाही नेणार आहे. काय बोलायचं ते ठरलं आहे, पण तुम्हाला सांगत नाही. तुम्ही सांगलीभर कराल.

श्यामला


बालीगंज
४ एप्रिल २०२२

प्रिय विनू,

तुझ्या वहिनीनं तुला पत्र लिहिलं होतं ते मला काल कळलं. आता पुढचं माझ्याकडून ऐक.

रविवारी सकाळी ती म्हणाली, "चला." मी म्हटलं, स्वतःचं श्राद्ध बघायला यायचं? म्हणाली, "चला तर खरं." लग्नातला शालू काढला होता. हिरव्या बांगड्या, नथ, कुंकू. पाडव्याला आठवडा होता, तरी जणू गौरी बसवायला निघाली. मी आपला पांढरा शर्ट घातला आणि बागेबाहेरच्या कडुलिंबाखाली उभा राहिलो. टोपी नाही, मास्क नाही. कोणी ओळखलं नाही. माझ्या फोटोला हार घालायला लोक माझ्याच अंगावरून धक्के देत जात होते.

सलीलचं भाषण झालं. बाबांचं स्वप्न होतं म्हणाला, की या वॉर्डात हंस यावेत. माझ्या स्वप्नात आयुष्यात एकदाही हंस आलेला नाही. मग त्यानं आईच्या हातात माईक दिला. श्यामलानं पदर खांद्यावरून घेतला, आणि मराठीत, ठणठणीत आवाजात म्हणाली:

"पाटीवरच्या फोटोला हार पडले शंभर,
झाडाखाली उभे आहेत माझे दिगंबर."

उखाणा, विनू! लग्नात सगळ्यांनी आग्रह करूनसुद्धा तिनं घेतला नव्हता, लाजली होती. कोणाला कळला नाही. त्यांना वाटलं शोकगीत आहे, मान खाली घालून ऐकलं. सलीलला मात्र कळला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. तो माईककडे हात नेतो आहे तोवर तिनं हात उचलून माझ्याकडे बोट केलं आणि बंगालीत सांगितलं, "ओई जे, गाछेर नीचे. आमार स्वामी." ते बघा, झाडाखाली. माझा नवरा.

शंभर माणसं वळली. हार हातात घेतलेली एक बाई माझ्याकडे बघते, फोटोकडे बघते, परत माझ्याकडे बघते. मला वाटलं, संपलं. पोराचं राजकारण संपलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याची कीव आली. बाप आहे शेवटी. मनात आलं, पुढे व्हावं आणि म्हणावं, जाऊ द्या, चूक झाली पोराची.

तेवढ्यात तो धावत आला. "बाबा!" म्हणून गळ्यात पडला आणि हुंदके देऊन रडायला लागला. कोणीतरी माईक त्याच्या तोंडापाशी धरलाच होता. रडत रडत सांगितलं की ज्यांना आम्ही इतकी वर्षं मृत समजत होतो ते माझे बाबा आज या बागेच्या पुण्याईनं परत आले. झालं! शंख वाजले. बायकांनी जीभ हलवून मंगल उलूध्वनी केला. एका आजींनी माझ्या पाया पडून विचारलं, कोणत्या आश्रमात होतात? मी म्हटलं, बालीगंजला, तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी हात जोडले. फोटोवाले आले, त्यांनी आम्हाला त्या लाल हृदयासमोर उभं केलं. तेव्हा सलील माझ्या कानाशी लागून मराठीत म्हणाला, "बाबा, हसा ना."

मी हसलो नाही. मेलेल्या माणसाला एवढी तरी सूट हवी. श्यामला तोवर रस्त्याला लागली होती. मी तिच्यामागून घरी आलो. वाटेत ती एवढंच म्हणाली, "आता जेवायला माझ्या समोर बसा." त्या सभेपासून मी ताट घेऊन बाल्कनीत बसत होतो, ते तिनं मनाला लावून घेतलं होतं. त्या दिवशी समोरासमोर बसून जेवलो. तुला तिचा राग असेल तर सोडून दे. मी सोडला.

आता शेवटचं. परवा पाडव्याला सलील आला. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच. हातात संदेश मिठाईचा डबा, मागे जिन्यात दोन कार्यकर्ते. मी दारात उभा राहिलो. म्हणाला, पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम आहे, 'पिता-पुत्र मिलन', मंत्री येणार आहेत, तुम्ही फक्त बसायचं, बोलायचं काही नाही. मी दारातून बाजूला होत नाही असं बघून त्याला वाटलं मी पाटीमुळे रागावलो आहे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, मी ती पाटी बदलतो ना. उद्याच माणूस पाठवतो. 'स्वर्गीय' काढून टाकतो."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. छत्तीस वर्षांचा, एकुलता एक. कपाळ नानांचं आहे.

म्हटलं, "नको. राहू दे. तुझ्यापुरतं ते बरोबर आहे."

आणि दार लावलं. बराच वेळ कडीवरून हात निघेना.

तुझा,
दादा